ड्रोनची निगा आणि वैमानिकाचा सराव

परभणी जिल्ह्यात विमानतळ नाही. विमानाने प्रवास करावयाचा तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तथापि गेल्या काही वर्षांत एका वेगळ्या प्रकारचे लहान विमान जिल्ह्यातील सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या शेतांवर उतरू लागले आहे. ते म्हणजे फवारणीचा ड्रोन. कायद्याच्या दृष्टीने ड्रोन हे खेळणे नव्हे किंवा केवळ शेतीचे अवजारही नव्हे. ते मानवरहित विमान होय आणि ते उडविणारी व्यक्ती ही दूरस्थ वैमानिक होय. म्हणूनच विमान बाळगणाऱ्यास जी दोन पथ्ये पाळावी लागतात, तीच ड्रोन बाळगणाऱ्या बचत गटास, शेतकरी उत्पादक कंपनीस किंवा तरुण उद्योजकासही पाळावी लागतात. यंत्राची नियमित निगा हे पहिले आणि वैमानिकाचा अखंड सराव हे दुसरे.

परभणीस या विषयाचे विशेष महत्त्व आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ येथेच आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून, जागतिक बँकेच्या साहाय्याने, या विद्यापीठात यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रे यांच्या शेतीतील उपयोगासंबंधी कार्य हाती घेण्यात आले. तंत्रज्ञान शेतकऱ्याच्या दारात आले आहे. ते टिकवून धरण्याची जबाबदारी आता गावावर आहे.

ड्रोनचा उपयोग कशासाठी

पाठीवरच्या पंपाने फवारणी करताना मजुराचे अंग, श्वास आणि डोळे औषधाच्या तुषारांत सापडतात. २०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. उंच वाढलेल्या कपाशीत शिरून फवारणी करणे किती धोक्याचे असते, हे त्या वेळी साऱ्या राज्याने पाहिले. ड्रोनमुळे माणूस औषधापासून दूर राहतो. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागते, तेथे ड्रोनचे काम आठ ते दहा लिटरमध्ये होते. पाणीटंचाईच्या भागात हाही लाभ लहान नाही.

परंतु थोड्या पाण्यात औषध मिसळावयाचे म्हणजे द्रावण अधिक तीव्र असते. असे द्रावण घेऊन उडणारे यंत्र नादुरुस्त असेल किंवा वैमानिकाचा हात चुकला, तर धोका नाहीसा होत नाही. तो फक्त आपली जागा बदलतो. एखादे नोझल गळू लागले की पीक करपते. वाऱ्याचा अंदाज चुकला की औषध शेजारच्या तुतीच्या मळ्यात जाते आणि तो पाला खाणाऱ्या रेशीम अळ्या मरतात. यंत्र विजेच्या तारेस अडकले तर जीविताचाही प्रश्न उभा राहतो.

विमानविद्येचा जुना धडा

लहान विमानांच्या बाबतीत हा विचार फार पूर्वी झाला आहे. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील क्रमांक १ चा वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू येथे विमान आणले. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी जुन्या बनावटीच्या लेपर्ड मॉथ विमानातून ते उड्डाण पुन्हा करून दाखविले. जुना परवाना कपाटात असल्याने असे उड्डाण होत नाही. त्यासाठी हात चालू ठेवावा लागतो आणि यंत्रही चालू स्थितीत राखावे लागते.

जे विमान क्वचितच उडते, ते अधिक काळ टिकेल असे सामान्य माणसास वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. पिस्टन इंजिनाचे लहान विमान महिनोन्‌महिने उभे राहिले, की इंजिनाच्या आतील तेलाचा थर ओघळून जातो आणि दमट हवेने भाग गंजू लागतात. इंधनाच्या टाकीत पाणी साचते. हवा आत घेण्याच्या मार्गात पक्षी घरटी करतात. वैमानिकाचेही तसेच असते. अमेरिकेतील नियमानुसार, प्रवासी बरोबर घ्यावयाचे असतील तर वैमानिकाने मागील ९० दिवसांत किमान तीन वेळा विमान उडवून उतरविलेले असावे लागते. शिवाय दर २४ महिन्यांत एकदा प्रशिक्षकापुढे आपल्या कौशल्याची उजळणी करावी लागते. त्या देशात व्यवसायासाठी ड्रोन उडविणाऱ्यांनाही दर २४ महिन्यांनी उजळणी पाठ्यक्रम पूर्ण करावा लागतो.

कायद्याची चौकट

भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ड्रोन नियम, २०२१’ अमलात आले. त्यानुसार वजनावरून ड्रोनचे पाच वर्ग पाडण्यात आले. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत सूक्ष्म, २५ किलोपर्यंत लघु, १५० किलोपर्यंत मध्यम आणि त्यावरील मोठे. दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन सामान्यतः लघु वर्गात मोडतो. तो उडविण्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यासाठी वय १८ ते ६५ वर्षे आणि शिक्षण किमान दहावी उत्तीर्ण, अशी अट ठेवण्यात आली. प्रत्येक ड्रोनला स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी विमा उतरवावा लागतो. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत त्याची खबर देणे बंधनकारक आहे.

आकाशाचेही हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग पाडलेले आहेत. हिरव्या विभागात सामान्यतः १२० मीटर म्हणजे ४०० फूट उंचीपर्यंत उड्डाणास वेगळी परवानगी लागत नाही. परंतु एखादे क्षेत्र तात्पुरते निषिद्ध ठरविले जाऊ शकते. म्हणून ‘काल उडविला, आज काय पाहावयाचे’ असे म्हणून चालत नाही. शासनाच्या संकेतस्थळावरील नकाशा प्रत्येक कामापूर्वी पाहिला पाहिजे.

या नियमांतील एक बाब नीट समजून घेणे अगत्याचे आहे. दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र दहा वर्षांसाठी वैध असते. नागरी विमानवाहतूक महासंचालकांनी वेळोवेळी निश्चित केलेली उजळणी प्रशिक्षणे घेण्याचे बंधन त्यास जोडलेले आहे. तथापि दोन हंगामांच्या मधल्या काळात हात किती चालू ठेवावयाचा, हे ठरविणे बहुतांशी वैमानिकाच्याच हाती राहते. दहा वर्षांचे प्रमाणपत्र म्हणजे दहा वर्षांचे कौशल्य नव्हे.

मोकळे महिने हेच संकटाचे मूळ

खरिपाची फवारणी मुख्यत्वे जुलै ते सप्टेंबर या काळात होते. तुरीवरील व रब्बी पिकांवरील काम जानेवारीपर्यंत लांबते. त्यानंतर जूनअखेरपर्यंत ड्रोन पेटीत पडून राहतो. हे महिने परभणीच्या कडक उन्हाळ्याचे असतात. पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर उष्णता याहूनही अधिक असते. जुलैत पहिला पाऊस होऊन कीड दिसू लागताच एकाच आठवड्यात साऱ्या गावाची मागणी येते. पाच महिने न हाललेले यंत्र आणि पाच महिने न चाललेला हात भरलेल्या टाकीसह थेट उभ्या पिकावर उतरतो. बिघाड व अपघात टाळावयाचे असतील, तर तयारी या मोकळ्या महिन्यांतच झाली पाहिजे.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आणि त्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. किमतीच्या ८० टक्के, परंतु ८ लाख रुपयांच्या मर्यादेत, साहाय्य ठरविण्यात आले. गटातील एका सदस्येस १५ दिवसांचे प्रशिक्षण, दुसऱ्या सदस्येस किंवा कुटुंबातील व्यक्तीस दुरुस्ती साहाय्यकाचे प्रशिक्षण, एक वर्षाचा विमा आणि दोन वर्षांचा देखभाल करार यांचाही योजनेत अंतर्भाव करण्यात आला. ही तरतूद विचारपूर्वक केलेली आहे. परंतु दोन वर्षांनंतर करार संपतो आणि यंत्र गटाकडेच राहते. तोपर्यंत निगेची सवय अंगवळणी पडलेली असली पाहिजे.

बॅटरीची निगा

ड्रोनमधील सर्वांत नाजूक आणि वारंवार बदलावा लागणारा महागडा भाग म्हणजे बॅटरी. फवारणी ड्रोनमध्ये बहुधा लिथियम पॉलिमर जातीच्या बॅटऱ्या असतात. त्यातील प्रत्येक सेल पूर्ण भारित असता ४.२ व्होल्ट दाखवितो. याच स्थितीत बॅटरी आठवडेच्या आठवडे ठेवली तर ती फुगते आणि तिची शक्ती कायमची घटते. पूर्ण रिकामी करून ठेवली तरीही ती निकामी होते. साठवणीसाठी प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर असावा. म्हणजे सहा सेलच्या बॅटरीस सुमारे २२.८ व्होल्ट. बहुतेक चार्जरमध्ये साठवणीची वेगळी सोय असते. तिचा उपयोग करावा आणि महिन्यातून एकदा व्होल्टेज तपासून नोंदवावे.

बॅटऱ्या पत्र्याच्या खोलीत, बंद मोटारीत किंवा उन्हात ठेवू नयेत. जाड भिंतींच्या, हवेशीर आणि कोरड्या खोलीत, लाकूड, कडबा व इंधनापासून दूर, धातूच्या पेटीत ठेवाव्यात. जवळ कोरड्या वाळूची बादली असावी. उड्डाणानंतर बॅटरी गरम असते. ती निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. चार्जिंग चालू असताना माणसाने तेथेच थांबावे. रात्री लावून झोपी जाणे घरास आग लावण्यासारखे आहे. फुगलेली, ठेचलेली किंवा भोक पडलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

येथे एक साधा हिशेब उपयोगी पडेल. नमो ड्रोन दीदी योजनेत मूळ एक आणि जादा चार, असे बॅटऱ्यांचे एकूण पाच संच देण्याची आणि दिवसाला २० एकरांपर्यंत काम होण्याची अपेक्षा ठेवण्यात आली. दहा लिटरच्या टाकीत एका उड्डाणात सुमारे एक एकर होते असे धरले, तर वीस उड्डाणे होतात. म्हणजे प्रत्येक संच दिवसात चार वेळा भारित होतो. हंगामात असे २५ दिवस मिळाले तर प्रत्येक संचाची शंभर आवर्तने होतात. बॅटरीचे आयुष्य काही शे आवर्तनांचेच असते. म्हणून प्रत्येक संचास क्रमांक द्यावा, सर्व संच पाळीपाळीने वापरावेत आणि एकरी भाड्यातील काही रक्कम नव्या बॅटऱ्यांसाठी पहिल्या दिवसापासून बाजूला काढावी. हे न केल्यास दोन-तीन हंगामांनंतर यंत्र चांगले असूनही केवळ बॅटरीअभावी ते बंद पडते.

यंत्राची निगा

औषधाचे अवशेष हे फवारणी यंत्राचे मोठे शत्रू. दिवसाचे काम संपताच टाकी, नळ्या, गाळणी आणि नोझल स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवावीत. धुतलेले पाणी विहीर, ओढा किंवा जनावरांच्या हौदाजवळ सांडू नये. तणनाशक वापरल्यानंतर ही काळजी अधिक घ्यावी. टाकीत राहिलेल्या थोड्याशा तणनाशकानेही दुसऱ्या दिवशी सोयाबीनचे किंवा कपाशीचे पीक हातचे जाऊ शकते. नोझल तारेने किंवा खिळ्याने कोरू नये, कारण छिद्र मोठे होऊन औषधाचे प्रमाण बिघडते. मऊ ब्रशचा वापर करावा. हंगामाच्या आरंभी प्रत्येक नोझलखाली मापपात्र ठेवून एका मिनिटात किती पाणी येते ते मोजावे. सर्व नोझलांचे माप सारखे आले पाहिजे.

पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवून बारीकशी चीर किंवा टवका आहे काय हे पाहावे. तडा गेलेले पाते डिंक लावून जोडू नये, ते बदलावे. मोटारी हाताने फिरवून खरखर ऐकू येते काय ते तपासावे. घडीच्या दांड्यांची कुलुपे, पायांचे स्क्रू आणि वायरींची जोडणी पाहावी. सुटे भाग उत्पादकाने मान्य केलेलेच वापरावेत. टाकी मोठी करणे, दुसऱ्या बनावटीची मोटार बसविणे असे परस्पर फेरफार केले तर यंत्र मान्य नमुन्याप्रमाणे राहत नाही आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या उड्डाण-तासांनुसार अधिकृत केंद्राकडून तपासणी करून घ्यावी. ती मे महिन्यातच उरकावी. जुलैमध्ये प्रत्येकाला तंत्रज्ञ हवा असतो.

उड्डाणापूर्वी आणि उड्डाणात

विमानाच्या वैमानिकाने कितीही उड्डाणे केलेली असोत, तो तपासणीची यादी हातात घेऊनच विमानाभोवती फिरतो. ड्रोनसाठीही अशी यादी मराठीत लिहून पेटीच्या झाकणावर चिकटवावी. तीत पुढील गोष्टी असाव्यात :

१. शेताभोवती फिरून विजेच्या तारा, खांबांचे ताण, बाभळी आणि विहिरीवरील लोखंडी सांगाडे पाहणे. कृषिपंपांच्या तारा दुरून दिसत नाहीत. त्यांची जागा आधी कागदावर काढून घेणे.

२. शेतात आणि लगतच्या रानात निंदणीस आलेल्या स्त्रिया, मुले, गुरे, मधमाश्यांच्या पेट्या किंवा तुतीची लागवड आहे काय हे पाहणे आणि सर्वांना पूर्वसूचना देणे.

३. वेगमापकाने वारा मोजणे. तो सेकंदास सुमारे ३ मीटरहून, म्हणजे ताशी १० ते ११ किलोमीटरहून अधिक असल्यास फवारणी थांबविणे.

४. पाती, बॅटरीची पकड, उपग्रह संकेत आणि होकायंत्राची स्थिती तपासणे. पत्र्याचे शेड व मोटारपंपाची लोखंडी पेटी यांपासून दूर उड्डाण करणे.

५. परतीची उंची तपासणे. संपर्क तुटल्यास ड्रोन आपोआप उड्डाणाच्या मूळ जागी परततो. ही उंची वाटेतील सर्वांत उंच झाड व तार यांच्या वर असली पाहिजे.

पाचव्या बाबीत अनेकदा चूक होते. वैमानिक बांधाच्या दुसऱ्या टोकास चालत गेला तरी ड्रोन परततो तो मूळ जागीच. दरम्यान तेथे कोणी बैलगाडी उभी केली असेल, तर अनर्थ ओढवतो. म्हणून साहाय्यकाने ती जागा मोकळी राखावी. वैमानिकाने वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहावे आणि मुखपट्टी, हातमोजे व चष्मा वापरावा. उन्हाने थकवा आल्यास काम थांबवावे.

हाताचा सराव

आधुनिक ड्रोन पुष्कळसे काम आपोआप करतो. शेताच्या सीमा आखून दिल्या की तो सरळ रेषेत फवारणी करतो. यामुळे ‘यंत्रच सर्व करते’ असा समज होतो आणि सराव मागे पडतो. परंतु उपग्रह संकेत तुटला की ड्रोन वाऱ्याबरोबर वाहू लागतो आणि त्या क्षणी सारी भिस्त वैमानिकाच्या हातावर असते. दुसरी अडचण दिशेची. ड्रोनचे तोंड वैमानिकाकडे असता डावे-उजवे उलटते. सराव असलेला हात योग्य कळ दाबतो. सराव सुटलेला हात घाईत नेमकी उलटी कळ दाबतो.

मोकळ्या महिन्यांत दर पंधरवड्यास निदान अर्धा तास सराव ठेवावा. सुरुवात संगणकावरील आभासी उड्डाणाने करता येते. त्यात यंत्र मोडण्याची भीती नसते. त्यानंतर मोकळ्या रानात, रिकाम्या टाकीने, सकाळच्या शांत हवेत उड्डाण करावे. एका जागी स्थिर राहणे, चौकोन काढणे, आठाचा आकडा काढणे, ड्रोनचे तोंड आपल्याकडे करून उतरविणे, असा क्रम ठेवावा. प्रशिक्षकाच्या उपस्थितीत संपर्क तुटण्याच्या आणि बॅटरी उतरण्याच्या प्रसंगांचा अभ्यास करावा. जूनमध्ये टाकीत केवळ पाणी भरून, आधी अर्धी आणि मग पूर्ण, नांगरट झालेल्या रानावर फवारणी करून पाहावी. भरलेला ड्रोन थांबण्यास अधिक अंतर घेतो आणि टाकी रिकामी होत जाते तसे त्याचे वागणे बदलते. हा फरक पुस्तकातून समजत नाही.

नोंदवही

विमानाची व वैमानिकाची स्वतंत्र नोंदवही असते. ड्रोनसाठीही दोन वह्या ठेवाव्यात. यंत्राच्या वहीत दिनांक, गाव, उड्डाणाची मिनिटे, बॅटरी क्रमांक, आढळलेला दोष आणि केलेली दुरुस्ती लिहावी. वैमानिकाच्या वहीत काम, सराव आणि उजळणी यांच्या नोंदी असाव्यात. शेवटच्या उड्डाणास ९० दिवस होऊन गेले असतील, तर औषध भरण्यापूर्वी पाण्याने सराव करण्याचा नियम गटाने स्वतःच करावा. कायद्याने तो सांगितला नसला, तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे.

गावाचा सहभाग

या कामी ग्रामपंचायतीस पुष्कळ करता येईल. सरावासाठी तारांपासून दूर असलेली मोकळी जागा नेमून देणे, फवारणीची पूर्वसूचना दवंडीने अथवा ध्वनिक्षेपकावरून देणे, बॅटऱ्या ठेवण्यास पक्क्या इमारतीतील खोली उपलब्ध करणे, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. गावातील कृषिपंपांच्या तारा, तुतीची लागवड व मधमाशीपालन दाखविणारा नकाशा शाळेतील विद्यार्थ्यांकडून तयार करून घेता येईल. शिक्षकांना तो भूगोल व विज्ञान या दोन्ही विषयांचा उत्तम पाठ ठरेल. कृषी विभाग, उमेद अभियान, कृषी विद्यापीठ आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी मिळून मे-जूनमध्ये तालुकानिहाय तपासणी व उजळणी शिबिरे घेतली, तर जिंतूरपासून पालमपर्यंतच्या गटांना त्याचा लाभ होईल. योजनेचा आढावा घेताना अधिकाऱ्यांनी किती ड्रोन वाटले एवढेच न विचारता, त्यांपैकी किती उडण्यास योग्य आहेत आणि वैमानिकाने शेवटचे उड्डाण केव्हा केले, हेही विचारावे.

शेतकरी हंगामापूर्वी तिफण, पाभर काढून फण व नळे तपासतो. पोळ्याच्या आधी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावतो. यंत्र नवे असले तरी ही निगेची परंपरा जुनीच आहे. तिला नोंदवहीची आणि नियमित सरावाची जोड मिळाली, तर शासनाच्या व गटाच्या पैशातून आलेला ड्रोन दीर्घकाळ कामास येईल. ज्या मजुरास विषारी तुषारांपासून दूर ठेवण्यासाठी तो आणला गेला, त्याचे रक्षणही तो खऱ्या अर्थाने करू शकेल.